साठ खोकी पीच

२७ मार्च, गुरुवार

तालुक्याच्या डॉक्टरांनी सांगितलं होतं, बुनोकबाई, रोज चार ओळी लिहीत जा, विसराळूपणाला याच्यापेक्षा चांगलं औषध माझ्याकडे नाही. वही आणून तीन महिने झाले. पहिली ओळ आज लिहितेय, आणि तीही अशा दिवसांबद्दल, जे विसरले तर बरंच होईल.

परवा संध्याकाळी डोंगर पेटला. वारा असा, की आग चालत नव्हती, उड्या मारत होती. ओढ्यापलीकडची चौतीस घरं गेली, सफरचंदाच्या बागा गेल्या. अलीकडचं माझं घर वाचलं, चर्च वाचलं. असं का, हे मला मेंग पाळकसाहेबांना विचारायचं आहे. पण त्यांच्या दोन्ही भुवया जळल्यात, त्या उगवेपर्यंत विचारत नाही.

चर्चच्या जेवणघरात बावीस माणसं आहेत. मी क्वन्सा, म्हणजे मंडळीतली मानाची वडीलधारी बाई, आणि गेली सोळा वर्षं इथलं स्वयंपाकघर माझ्या ताब्यात आहे. दोन दिवस मोठं पातेलं चुलीवरून उतरलेलं नाही.

सोल्गोलवाली पाळकसाहेबांच्या पाठीवर बसून आली. वय ब्याऐंशी. सोल्गोल तिचं माहेर. आमच्याकडे सासुरवाशिणीला माहेरच्या गावावरूनच हाक मारतात, तिचं खरं नाव मला पंचेचाळीस वर्षं शेजारात राहूनही ठाऊक नाही. उतरल्या उतरल्या तिनं पाळकांना विचारलं, "पाठ भरून आली का हो?" आणि मला विचारलं, "कांदे कुठं ठेवलेत?"

म्हटलं, "काकू, घर जळलंय तुमचं. बसा घटकाभर."

"घर जळलंय, हात नाही जळलेले. फुकटचं गिळायला मी काय जावयाच्या घरी आलेय?"

दहा किलो कांदे चिरले तिनं. रडायला निमित्त मिळालं म्हणून असेल.

३० मार्च, रविवार

मदत येतेय. पुसानहून तरुण मंडळींची बस आली, दोन दिवस राखेत राबली. काल काम संपल्यावर त्यांनी गुपचूप ढोसली असावी, कारण सकाळी सगळे डोकी धरून बसले होते. मी मोड आलेल्या सोयाबीनचं सूप केलं, उतारा म्हणून त्यापरतं दुसरं काही नाही. प्रत्येकापुढे वाटी ठेवताना डोळ्यांत डोळे घालून बघितलं. तेवढं पुरलं.

राजधानी सोलमधल्या एका मोठ्या चर्चनं पीचच्या डब्यांची साठ खोकी पाठवली. पाकातले पिवळे पीच. कोणी आजारी पडलं की भेटायला जाताना आमचे लोक हाच डबा नेतात, तीच अक्कल इथं चालवलेली दिसते. स्वयंपाकघरातला माझा उजवा हात यंगिम म्हणाली, "ताई, अपेंडिक्सलाही पीच, भूकंपालाही पीच, वणव्यालाही पीच."

कोठार भरलेलं. म्हणून रविवारच्या शाळेच्या खोलीत भिंतीलगत रचली, उरलेली तिच्या दाराबाहेर अंगणाच्या पायरीपाशी. त्या खोलीत सोल्गोलवाली आणि आणखी दोन म्हाताऱ्या झोपतात. खोकी आत आली तेव्हा सोल्गोलवालीनं विचारलं, "यात काय आहे गं?"

"पीच. खूप आहेत. हवे तेवढे खा."

ती त्या खोक्यांकडे बघत राहिली. थँक्यू नाही, काही नाही. जुन्या घराण्यातली बाई, तोंड उघडून कौतुक करायची सवय नसावी.

२ एप्रिल, बुधवार

सोल्गोलवालीनं सकाळी विचारलं, "चांद्र महिन्याची आज कितवी?"

"पाचवी. का हो?"

"काही नाही. कॅलेंडर जळलं, म्हणून विचारलं."

दुपारी खोकी मोजली तर दाराजवळची अकरा रिकामी. चोरी म्हणावी तर गावात असं कोण आहे? संध्याकाळी घंटेच्या खोपटामागे लाकूडफाटा काढायला गेले, तर तिथं पीचचे डबे सगळे नीट ओळीत, वर गोणपाट घातलेलं. मी गोणपाट परत घातलं. आणखी दोन दिवस नजर ठेवायची.

५ एप्रिल, शनिवार

चोर सापडला. पहाटेच्या प्रार्थनेला मी वीस मिनिटं आधी जाते. आज पाहिलं तर सोल्गोलवाली ओच्यात चार डबे घेऊन अंगण ओलांडत होती. वाकलेली, एक हात कमरेवर. एका खेपेला चार डबे, म्हणजे अकरा खोक्यांना किती खेपा झाल्या असतील, मला गणित जमलं नाही.

मला तिची दया आली. सगळं गेलेली माणसं अशी साठवायला लागतात, पाळकसाहेबांना त्यावर एक पत्रकही आलंय. मी फार गोड बोलले. म्हटलं, "काकू, लपवायची काय गरज? हे सगळं तुमचंच आहे. संपलं तर आणखी येईल."

ती तिथंच थांबली. "मला पीच नकोत."

"मग हे काय चाललंय?"

"दारात ठेवू नका, एवढंच. खोलीतही नको."

"तुम्हाला अडचण होते का?"

"मला नाही होत," ती म्हणाली, आणि चार डबे घेऊन खोपटाकडे गेली.

मी प्रार्थनेत तिच्या डोक्यासाठी प्रार्थना केली. वय झालं की असं होतं. माझंही पुढेमागे होईल म्हणून स्वतःचंही नाव जोडलं.

७ एप्रिल, सोमवार

त्या दोन म्हाताऱ्यांना मुलांनी नेलं. सोल्गोलवाली एकटी उरली. तिचा मुलगा सन्गुक कॅनडात असतो, त्याला काही लगेच येता येत नाही. सरकारी कंटेनरची तात्पुरती घरं मे महिन्यात मिळणार, तोवर ती आमच्याकडे, हे ठरलेलं.

आज न्याहारीनंतर ती माझ्यापुढे येऊन बसली. "काम पुष्कळ केलंत तुम्ही लोकांनी. आता मी घरी जाते."

"कुठल्या घरी?"

"माझ्या. चुलीची भिंत उभी आहे."

"आणि छप्पर?"

"ताडपत्री द्या एक. आठवड्याभराचा तर प्रश्न आहे, मग हवं तर परत येईन."

मला संताप आला. तेरा दिवस हिच्यासाठी वेगळा मऊ भात करतेय, हिच्या कवळीला सोसेल असा मुळा बारीक कापतेय, आणि हिला राखेत जाऊन झोपायचंय. मी म्हटलं, "लोक काय म्हणतील? चर्चनं म्हातारीला हाकललं म्हणतील."

"म्हणणाऱ्याचं तोंड कुणी धरलंय? तुझ्यात काही खोट नाही, काम्चनवाले." काम्चन माझं माहेर. "इथं मला जमायचं नाही, बस."

मोडकी भिंत अंगावर पडली तर? परवा तिथंच एक कोसळली. मला दुसरं काही सुचलं नाही, मी तिच्या चपला उचलून तांदळाच्या पिंपात लपवल्या. सदुसष्टाव्या वर्षी. देव बघतोच आहे, इतर कुणी बघितलं नाही.

८ एप्रिल, मंगळवार

मुलाचा फोन चर्चच्या नंबरावर आला, मीच घेतला. म्हणाला, "मावशी, आईला तुम्ही जरा समजवा. बाबांची तिथी येतेय, चांद्र तिसऱ्या महिन्याची अठरावी. म्हटलं, यंदा राहू दे, आग लागली होती, बाबा समजून घेतील. तर फोनच ठेवून दिला."

"कधी आहे म्हणालास?"

"पुढच्या मंगळवारी. एकतीस वर्षांत आईनं एकदाही चुकवलेलं नाही. पण आता कुठं करणार? घर नाही. चर्चमध्ये काय श्राद्ध घालणार?"

फोन ठेवला. डॉक्टर म्हणतात विसराळूपणा. हा विसराळूपणा नव्हे, हा माझा आडमुठेपणा आहे, चाळीस वर्षं जपलेला.

पीच. लग्नानंतरचा पहिला उन्हाळा, सासऱ्यांच्या श्राद्धाचा दिवस, मी बाजारातून हौसेनं पिकलेले पीच आणले. सासूबाईंनी ते परडीसकट अंगणाबाहेर फेकले. "पीच बघून भुतंखेतं पळतात, आणि आपली गेलेली माणसंही त्यातच आली. दारात पीच ठेवलास तर तुझा सासरा आत येईल कसा?" आमच्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक असलेली गोष्ट. आणि मी त्या बाईच्या उशाला, दाराला, खिडकीखाली साठ खोकी रचली, आणि वर म्हणते, हवे तेवढे खा.

ती डोक्यानं चळली नव्हती. नवऱ्यासाठी वाट मोकळी करत होती, चार चार डबे करून.

आणखी एक लिहिते, लिहायचंच तर सगळं. बाप्तिस्मा झाला त्या वर्षी मी सासूबाईंना सांगितलं, मी श्राद्धाला वाकणार नाही आणि त्याचा स्वयंपाकही करणार नाही. वाकायचं नाही हे मी आजही म्हणते. पण स्वयंपाक? सासूबाईंचं मनगट मोडलेलं होतं. त्यांनी डाव्या हातानं सगळं केलं, आणि मी बाजूच्या खोलीत स्तोत्र म्हणत बसले. त्या गेल्यावर त्यांचं पान दिराकडे वाढतात. मी कधी गेले नाही.

चपला पिंपातून काढून जागेवर ठेवल्या. तिनं त्या झटकल्या, त्यातून तांदळाचे चार दाणे पडले. म्हणाली, "या घरात उंदीर फार शहाणे दिसतात."

९ एप्रिल, बुधवार

पाळकसाहेबांकडे गेले. आडून विचारलं, की समजा एखादी बाई आहे, मंडळीतली नाही, तिच्या नवऱ्याची तिथी आहे. ते म्हणाले, "सोल्गोलच्या आजी का?" माझ्या आडून विचारण्यात काही दम नाही.

ते म्हणाले, आपण स्मरणाची उपासना करू, प्रेमानं करू. चांगला माणूस. एक्केचाळीस वर्षांचा, भुवया खुरट्या उगवायला लागल्यात, त्यामुळे सतत दचकल्यासारखा दिसतो.

निघताना म्हटलं, "आणि ते पीचचे डबे इथून हलवायला हवेत. उंदीर लागलेत."

"पत्र्याच्या डब्यांना?"

"पुठ्ठा खातात."

त्यांनी जरा वेळ माझ्याकडे पाहिलं. मग म्हणाले, खालच्या दोन गावांना अजून काही पोचलेलं नाही, तिथं देऊ. दुपारी स्वतः गाडी चालवून तीन फेऱ्या केल्या, घंटेच्या खोपटामागचे डबेसुद्धा शोधून नेले. ते त्यांना कसे सापडले कोण जाणे. साधाभोळा माणूस आहे, काही विचारलं नाही.

सोल्गोलवाली पायरीवर बसून गाडी भरताना बघत होती. शेवटची खेप गेल्यावर तिनं केरसुणी घेतली आणि दारापासून फाटकापर्यंत अंगण झाडलं. घरी जायचं पुन्हा काही बोलली नाही.

११ एप्रिल, शुक्रवार

स्मरणाची उपासना झाली. आम्ही नऊ जण. पाळकसाहेब छान बोलले, यंगिमनं गाताना डोळे पुसले. सोल्गोलवाली हात मांडीवर ठेवून ताठ बसली होती, शेवटी सगळ्यांना कमरेत वाकून नमस्कार केला, वेळ काढलात म्हणाली.

मग मला स्वयंपाकघरात गाठलं. "फार गोड गायलात गं तुम्ही. त्यांना बरं वाटलं असेल."

"मग झालं तर."

"पण जेवले नाहीत ते."

मी भांडी घासत होते. तिनं फडकं घेतलं आणि घासलेली भांडी पुसायला लागली. आम्ही दोघींनी सगळी भांडी संपवली. शेवटचं पातेलं पालथं घालताना मी म्हटलं, "काय लागतं आता? मला आठवत नाही सगळं."

तिनं माझ्याकडे बघितलं नाही. "तू क्वन्सा आहेस. तुझी पदवी जाईल."

"भात शिजवू नये असं पवित्र शास्त्रात कुठं लिहिलंय, दाखवा. मी वाकणार नाही, आधीच सांगते. भात शिजवीन."

"बरं," ती म्हणाली. मग फडकं वाळत घालताना, "खारवलेला बांगडा आवडायचा त्यांना."

१२ एप्रिल, शनिवार

बांगडा मिळाला. नासपती, सफरचंद, चेस्टनट मिळाले. रानभाजी माझ्या घरची वाळवलेली आहे. अडलं ते पेल्यापाशी. तांदळाच्या पांढऱ्या दारूशिवाय पान पुरं होत नाही, आणि गावात दुकान एकच, ते यंगिमच्या जावेचं.

तोंडाला मास्क लावला, डोक्यावर शेतातली टोपी घातली. ती म्हणाली, "क्वन्साबाई, काय देऊ?" माझ्या चालण्यावरूनच ओळखलं असणार. मी म्हटलं, एक बाटली पांढरी, माशाचा वास काढायला. तिनं बाटली वर्तमानपत्रात गुंडाळली, मग त्यावर आणखी एक वर्तमानपत्र. पैसे देताना माझा हात कापत होता. ती फार मायेनं म्हणाली, "जपा हो स्वतःला."

बघा, एरवी तोंड वाकडं असणारी बाई, संकटानं कशी बदलली.

१३ एप्रिल, रविवार

आज झावळ्यांचा रविवार, ईस्टरच्या आधीचा. मंडळीतल्या लोकांचं माझ्यावर इतकं प्रेम आहे, हे मला माहीत नव्हतं. ज्याला त्याला माझी काळजी. मंडळीच्या सेवेकरी डीकनबाईंनी मधाच्या पाकिटांची पेटी दिली. एका माणसानं पातेलं उचलू दिलं नाही. यंगिमनं पहाटे मोड आलेल्या सोयाबीनचं सूप केलं आणि माझ्यापुढे दोन वाट्या ठेवल्या. म्हटलं, पुसानची मुलं परत आली का काय? तर म्हणाली, "ताई, तुम्ही आधी खा. गरम आहे तोवर." आणि माझा हात दाबला.

उपदेशात पाळकसाहेब म्हणाले, इतरांचं ओझं वाहणारे कधी कधी एकटे पडतात, आणि एकटेपणी चुकीच्या गोष्टीचा आधार घेतात. अशांना आपण दगड मारू नये. मला वाटतं त्यांचा रोख वडील डीकनकडे असावा, तो पत्ते खेळतो.

१४ एप्रिल, सोमवार

आजही सूप. आता मला त्याचा वीट आलाय.

सोल्गोलवालीला घेऊन भाजी करून बघितली, उद्या चुकायला नको. चांगली चव यावी म्हणून मी सवयीनं लसूण आणि तिखट घातलं. तिनं वास घेतला आणि वाडगं माझ्याकडे सरकवलं. "हे आपण खाऊ. लसूण घातलास तर उंबऱ्यावरूनच माघारी जातील."

"जिवंतपणी खायचे ना?"

"जिवंतपणी शिव्याही द्यायचे. आता कुठं देतात?"

मग ती हसली. आल्यापासून पहिल्यांदा. तिचे पुढचे दोन दात सोन्याचे आहेत, हे मला आज कळलं. मीही हसले, उगाच. हे सगळं मी ती राखेत जाऊन झोपू नये म्हणून करतेय, दुसरं काही कारण नाही.

१६ एप्रिल, बुधवार

काल लिहायला जमलं नाही. आज सकाळचं काम यंगिमवर टाकून लिहायला बसलेय, एक अक्षर विसरायचं नाही.

दुपारभर दोघींनी स्वयंपाक केला. यंगिमला सांगितलं, सोल्गोलच्या काकूंना माहेरची आठवण आलीय, त्यांच्या पद्धतीचं काहीतरी करतोय. ती म्हणाली, "करा ताई, हात गुंतलेला असला की बरं असतं." काही तरी विचित्रच बोलतात सगळे.

दिवेलागणीच्या आधी रविवारच्या शाळेच्या खोलीत मुलांचं बुटकं मेज मांडलं, त्यावर पांढरा कागद. नवऱ्याचा फोटो जळालेला. तिनं मला कागदाची पट्टी दिली, नाव लिही म्हणाली, तिला लिहिता येत नाही. मी म्हटलं, नाव लिहिणं म्हणजे पूजा नव्हे, हजेरीतही लिहितोच. लिहिलं. मग तिला विचारलं, "आणि तुमचं नाव काय हो?"

"माझं कशाला? मी अजून आहे."

"असंच. पंचेचाळीस वर्षं झाली."

"ओक्न्यो," ती म्हणाली, आणि सोळा वर्षांच्या मुलीसारखी लाजली.

भात, सूप, बांगडा, तीन भाज्या, फळं. ताटल्या चर्चच्या, काठावर 'महिला मंडळ' छापलेलं. मी ती अक्षरं भिंतीकडे वळवून ठेवली. तिनं अंगणाकडचं दार सताड उघडलं, त्यांना येता यावं म्हणून. मी बाहेर पायरीवर जाऊन बसले, ठरल्याप्रमाणे. आत ती दारू ओतताना आवाज आला, मग तिचे गुडघे जमिनीला टेकल्याचा. ब्याऐंशी वर्षांची बाई उठते कशी, टेकते कशी. मला आत जाऊन हात द्यावासा वाटला. गेले नाही. मग सासूबाईंचं मनगट आठवलं, आणि गेले. तिला बगलेत धरून उठवलं. मी वाकले नाही. तिला धरताना जेवढी वाकले तेवढीच.

भातात चमचा खोचून ती माझ्याबरोबर बाहेर आली, दार ओढून घेतलं. नऊ घास खाण्याइतका वेळ त्यांना एकट्याला द्यायचा असतो, कुणी बघत असलं तर माणसाला नीट जेवता येत नाही. आम्ही दोघी पायरीवर बसलो. अजून उजेड होता. जळलेल्या डोंगरावर काही दिसत नव्हतं, नुसते काळे बुंधे.

तेवढ्यात फाटकातून पाळकसाहेब आले. हातात कसलंसं पत्रक आणि जिन्सेंगच्या गोळ्यांची पेटी. आतून खारवलेल्या बांगड्याचा वास येत होता, आणि दारूचाही.

ते माझ्यासमोर उभे राहिले, घसा खाकरला. "क्वन्साबाई, तुमच्याशी जरा एकांतात बोलायचं होतं. तुमच्यावर फार ताण पडलाय. हे असं कुणाचंही होऊ शकतं. तालुक्याला एक गट आहे, दर गुरुवारी भेटतात, कुणाला काही कळत नाही..."

"कसला गट?"

"ज्यांना... ज्यांना बाटलीचा त्रास आहे त्यांचा."

मग एकेक करून सगळं डोक्यात उतरलं. मध. हात दाबणं. दोन दोन वाट्या सूप. झावळ्यांच्या रविवारी अख्ख्या मंडळीनं माझ्यासाठी, एका दारुड्या क्वन्साबाईसाठी, डोळे मिटून प्रार्थना केली होती, आणि मी सगळ्यात मोठ्यानं आमेन म्हटलं होतं.

"हळू बोला," मी म्हटलं. "आत माणूस जेवतोय."

"कोण?"

खोटं बोलायचं तर उंदरांवर सगळं खर्च झालेलं. सोल्गोलवालीच म्हणाली, मान खाली घालून, "आमचे हे."

पाळकसाहेबांनी बंद दाराकडे बघितलं. पायरीकडे बघितलं, जिथं पूर्वी खोकी होती. त्यांचा चेहरा लाल झाला, मला वाटलं आता ते म्हणतील, क्वन्साबाई, उद्यापासून स्वयंपाकघराची किल्ली यंगिमकडे द्या. मी म्हणायला तयार होते, की देते. मला वाईट वाटलं असतं, फार वाईट वाटलं असतं, पण भात शिजवून झाला होता.

ते म्हणाले, "म्हणजे ती बाटली..."

"त्यांची आहे," सोल्गोलवाली म्हणाली. "एकच पेला घेतात."

पाळकसाहेबांनी पत्रक घडी करून खिशात घातलं. जिन्सेंगच्या गोळ्या मात्र माझ्या हातात दिल्या. आणि खालच्या पायरीवर, आमच्या पायांशी, बसले. तसे बसले तेव्हा कळलं, ज्या पाठीवरून त्यांनी तिला आगीतून आणलं ती अजून आखडलेलीच आहे.

वरच्या मजल्यावर गायनमंडळाचा सराव सुरू झाला, येत्या रविवारच्या पुनरुत्थानाची गाणी. पाळकसाहेब ताडकन उठले आणि वर पळाले. गाणं मधेच थांबलं. ते खाली आले, धापा टाकत म्हणाले, "उद्या करा म्हटलं."

"का थांबवलंत हो?" सोल्गोलवाली म्हणाली. "गाऊ द्या की. घरी जेवताना त्यांना रेडिओ लागायचा."

ते परत वर गेले. काही वेळानं गाणं पुन्हा सुरू झालं, आधी दबकत, मग मोकळं. पुरुषांचा आवाज पट्टी सोडून जात होता, नेहमीसारखा. आम्ही तिघं ऐकत बसलो.

आत जायच्या आधी तीनदा खाकरायचं असतं, जेवणाऱ्याला कळावं म्हणून. नऊ घासांचा वेळ केव्हाच होऊन गेला होता. सोल्गोलवाली उठली, दाराला हात लावला, खाकरायला तोंड उघडलं, आणि तशीच थांबली. परत येऊन बसली. पाळकसाहेबांकडे बघून म्हणाली, "माफ करा हं, तुमचा वेळ जातोय. हळू जेवतात ते."

पाळकसाहेब म्हणाले, "सावकाश होऊ द्या, म्हणावं."